पाथर्डी फाट्याचा एल-हॉल: नसलेल्या भिंतीचा हिशेब

"तू एकदा येऊन जा. आईला बातम्यांतलं बोलणं कळत नाही, आणि पिक्चर लावला की खालचे लोक वर येतात. मधलं काही उरलंच नाहीये." मावसभावाने फोनवर सांगितलेली तक्रार एवढीच. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा, म्हणून आमच्याकडे त्याला सगळे दादाच म्हणतात. दादाने हौसेनं पाच स्पीकर आणि एक सबवूफर (फक्त खालच्या, घुमणाऱ्या आवाजाचा डबा) असा ५.१ संच घेतला होता. दुकानाने पाठवलेला माणूस तासाभरात तो बसवून गेला, आणि गेलं वर्षभर घरात रिमोटवरून कुरबुर चालू होती.

माझं रोजचं काम मंगल कार्यालयांत आणि शाळांच्या हॉलमध्ये साउंड बसवायचं. तिथे दोनशे खुर्च्या सरकवल्या तरी कुणी विचारत नाही. घरात सोफा चार इंच हलवायचा म्हटलं तरी तीन जणांची मतं पडतात. हे काम दोन रविवार आणि मधल्या चार-पाच संध्याकाळी चाललं. त्यातली पहिली अर्धी दुपार माझ्याच घाईमुळे वाया गेली, तेही पुढे येईल.

खोली

फ्लॅट नाशिकला पाथर्डी फाट्यावर, तिसऱ्या मजल्यावर. बाल्कनी पश्चिमेला, तिथून पांडवलेणीचा डोंगर दिसतो. फ्लॅट घेताना सगळ्यांनी तो डोंगर पाहिला, हॉलचा आकार कुणीच पाहिला नाही.

हॉल उत्तर-दक्षिण १८ फूट, रुंदी ११ फूट. पूर्वेची भिंत उत्तरेच्या कोपऱ्यापासून १० फुटांपर्यंत सलग. पुढचे ८ फूट भिंतच नाही, तिथून डायनिंग सुरू होतं. हा झाला एल. शिवाय प्लॉट रस्त्याच्या वळणावर असल्यामुळे वायव्येचा कोपरा तिरका छाटलेला आहे. दोन्ही भिंतींतून तीन-तीन फूट गेलेत आणि मध्ये सव्वाचार फुटांची तिरपी भिंत उभी आहे. पश्चिमेला, उत्तरेपासून साडेचार फुटांवर बाल्कनीचं सरकतं काचेचं दार सुरू होतं ते साडेअकरा फुटांपर्यंत. मुख्य दरवाजा दक्षिणेच्या भिंतीत. खाली गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स, वर पीओपी. मधोमध उभं राहून टाळी वाजवली की तिच्यामागून पत्र्यावर चिंच पडल्यासारखा 'टर्रर्र' आवाज यायचा.

टीव्ही त्या दहा फुटी भिंतीच्या मधोमध, म्हणजे उत्तरेपासून पाच फुटांवर. समोर साडेसहा फुटांचा सोफा, पाठ पश्चिमेच्या काचेला टेकवलेली. पण छाटलेला कोपरा आडवा येत असल्यामुळे सोफा टीव्हीच्या बरोबर समोर बसतच नव्हता. त्याची मधली जागा सव्वा फूट उजवीकडे गेली होती. हे घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मान जरा डावीकडे वळवून टीव्ही बघायची सगळ्यांना सवय झाली होती.

समोरचा डावा बुकशेल्फ स्पीकर उत्तरेच्या भिंतीपासून फुटावर, अगदी कोपऱ्यात. सबवूफर त्याच्याच पायाशी. समोरचा उजवा तिथे, जिथे भिंत संपून डायनिंगचं तोंड सुरू होतं. सेंटर, म्हणजे मधला स्पीकर, टीव्ही युनिटच्या सर्वांत खालच्या खणात, तोही आठ इंच आत. मागचा डावा सराउंड उत्तरेच्या भिंतीवर, मावशी जिथे बसते तिथून चार फुटांवर. आणि मागचा उजवा? त्या बाजूला जवळ भिंतच नाही, म्हणून बसवणाऱ्याने तो सरळ मुख्य दरवाजाच्या वर, तोरणाच्या शेजारी ठोकून दिला होता. सोफ्यापासून बारा फूट लांब.

माझी घाई

मधल्या जागेवर बसून दोन गाणी ऐकली. डावीकडे आवाज बोजड, घुमणारा. उजवीकडे पोकळ, जणू डायनिंगमध्ये सांडतोय. मी लगेच निदान ठोकून दिलं: डावा कोपऱ्यात आहे म्हणून फुगलाय, उजव्याला आधार नाही म्हणून विरतोय. पुस्तकाप्रमाणे यात चूक नाही. भिंतीजवळ ठेवलेल्या स्पीकरचा खालचा आवाज, म्हणजे बेस, सहा डेसिबलपर्यंत चढतो, आणि कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळून त्याहून अधिक. मी दोन्ही स्पीकर पुढे-मागे करत, टेप लावत, दादाला उठबस करायला लावत अडीच तास घालवले. फरक पडायचा, पण उजवी बाजू काही भरेना.

मग जे सुरुवातीलाच करायला हवं होतं ते केलं. रिसीव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारं यंत्र, साध्या स्टीरिओवर टाकला आणि बातम्या लावल्या. निवेदिकेचा आवाज दोन्ही स्पीकरमधून सारखाच येतो, त्यामुळे मधोमध बसलेल्याला तो दोघांच्या मधून, टीव्हीतूनच आल्यासारखा वाटायला हवा. इथे तो कुठूनच येत नव्हता. डोक्याभोवती पसरल्यासारखा वाटत होता. ही भिंतीची खूण नव्हे, उलट्या वायरची आहे.

स्पीकरच्या जाळ्या काढल्या. वायरची रिसीव्हरकडची टोकं सोडवली आणि रिमोटमधला दीड व्होल्टचा सेल त्यांना क्षणभर टेकवला, सेलची अधिक बाजू लाल टोकाला. डाव्या स्पीकरचा कोन, म्हणजे आतला थरथरणारा पडदा, 'टक्' करून पुढे आला. उजव्याचा तेवढाच आत गेला. मागे पाहिलं तर लाल आणि काळं अदलाबदल झालेलं. एक कोन हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, मग खालचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतो. वर्षभर दोष आकाराच्या माथी जात होता, आणि मी निघालो होतो ते दडपण आणखी वाढवायला.

"ऑटो सेटिंग करताना काही इशारा आला नव्हता का रे?" मी दादाला विचारलं. ऑटो सेटिंग म्हणजे जागोजागी माइक ठेवून रिसीव्हरने स्पीकर स्वतःच तपासायचे.

"यायचा ना. फेज-बिज असं काहीतरी. मी पुढे चला दाबायचो."

हा इशारा कधी कधी खोटाही असतो. काही स्पीकरची आतली रचनाच अशी असते की वायर बरोबर असूनही रिसीव्हर शंका घेतो. पण इशारा आला की मागे जाऊन लाल-काळं बघायला दोन मिनिटं लागतात. ती द्यावीत.

वायर हातात आलीच होती, म्हणून तिच्याकडेही नीट पाहिलं. दारावरच्या सराउंडपर्यंत बेलला लावतात तशी अर्धा चौरस मिलिमीटरची वायर ओढलेली, लांबी सुमारे १४ मीटर. वीज जाऊन परत यायची, म्हणजे २८ मीटर तांबं. तेवढ्या तारेचा रोध एक ओहमच्या आसपास जातो. आठ ओहमच्या स्पीकरपुढे हे बरंच झालं. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीत तोच रोध ०.३५ ओहमच्या आसपास येतो. सोन्याच्या मुलाम्याचे महागडे प्लग घेण्याऐवजी मी नेहमी जाडी वाढवायला सांगतो. तांबं मात्र खरं हवं. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर बाजारात भरपूर आहे. टोक ब्लेडने खरवडलं की आतलं पांढरं दिसतं.

वायर सुलटी केल्यावर निवेदिका टीव्हीत जाऊन बसली. खोलीचा खरा दोष किती, हे त्यानंतरच कळायला लागलं.

फिरवलेला हॉल

दादाच्या डोक्यात एक बेत आधीपासून होता: टीव्ही उत्तरेच्या भिंतीवर न्यायचा, सोफा त्याच्यासमोर आडवा टाकायचा आणि १८ फुटांची लांबी वापरायची. पुस्तकं हेच सांगतात. आयताकृती खोलीत स्पीकर आखूड भिंतीशी ठेवून लांबीच्या दिशेने आवाज फेकावा. शिवाय संध्याकाळचं ऊन समोरून स्क्रीनवर पडलं नसतं. हेही करून पाहिलं. टाइलवर खडू दिसेना, तेव्हा मावशीने रांगोळीचा डबा पुढे केला. गेरूच्या रंगाने सोफ्याचे पाय, स्पीकरच्या जागा आणि मधली रेघ आखली. हॉल पंगत बसायची असल्यासारखा दिसायला लागला.

संध्याकाळपर्यंत ऐकलं. अपेक्षेइतकं सुधारलं नाही. उत्तरेच्या भिंतीचा सरळ भाग आठच फूट, त्यामुळे टीव्ही हॉलच्या मध्यापासून दीड फूट उजवीकडे सरकला. डाव्या स्पीकरला ती तिरपी भिंत अगदी खेटून आली, आणि त्याचा आवाज तिच्यावरून उडून थेट ऐकणाऱ्याच्या अंगावर येऊ लागला. डावीकडे काच, उजवीकडे अर्धी भिंत आणि अर्धं डायनिंग. सोफा खोलीच्या लांबीच्या मधोमध आला, आणि ती सर्वांत खालच्या बेसची मेलेली जागा. १८ फूट म्हणजे साडेपाच मीटर. आवाज सेकंदाला ३४३ मीटर धरला, तर या लांबीत ३१ हर्ट्‌झच्या आसपासची लाट अडकते. तिचा जोर दोन्ही टोकांना असतो, मध्यावर जवळपास शून्य.

पण निकाल लागला तो ३१ हर्ट्‌झवर नव्हे. दरवाजा सोफ्याच्या पाठीमागे गेला होता. मावशी दोनदा मान मागे वळवून बसली आणि म्हणाली, "दारात कोण आलं ते कळायला नको? आल्या माणसाला काय आपल्या पाठी दाखवायच्या?" वहिनींनी मान डोलावली. मला ते पटलं. हा हॉल आहे, थिएटर नाही, आणि जिथे पाहुण्यांसमोर पाठ करून बसावं लागतं ती मांडणी पंधरा दिवसांत पुन्हा उलटी होते. मी अशा दोन-तीन घरांत पुन्हा जाऊन आलोय.

रांगोळी पुसली. टीव्ही पूर्वेलाच राहिला.

सोफा दीड फूट पुढे

खरा बदल इथे झाला, आणि त्याला पैसे लागले नाहीत. सोफा काचेपासून दीड फूट पुढे घेतला. पुढे आल्यामुळे तो छाटलेल्या कोपऱ्यातून सुटला, आणि मग डावीकडे सरकवून टीव्हीच्या बरोबर समोर आणता आला. टीव्ही आणि युनिट अर्धा फूट उजवीकडे नेलं. आता दोन्ही उत्तरेपासून साडेपाच फुटांवर, एका रेषेत आले.

"हॉल लहान दिसतोय," दादा म्हणाला. मावशीने त्याला पुढे बोलूच दिलं नाही. बाल्कनीत जायला आजवर सोफा आणि दाराच्या चौकटीत दोन फुटांची फट होती, ती आता पावणेतीन फूट झाली. ओल्या कपड्यांची बादली घेऊन ती पहिल्यांदाच आडवं न होता बाहेर गेली. त्यानंतर सोफ्याचा विषय कुणी काढला नाही.

पाठ भिंतीला टेकलेली असली की कान खोलीच्या काठावर येतात, आणि अडकलेल्या लाटांचा जोर काठावरच असतो. ११ फुटांच्या रुंदीत ५१ हर्ट्‌झच्या आसपास पहिली लाट आणि १०२ च्या आसपास दुसरी. डोकं भिंतीपासून सव्वादोन फुटांवर आलं तेव्हा पहिलीचा जोर थोडाच कमी झाला, पण दुसरीचा खूप. पुरुषी आवाजाचा तळ याच शंभराच्या आसपास असतो. म्हणजे बातम्यांतला पुरुष निवेदक हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा ऐकू यायचा, त्यातलं बरंचसं या दीड फुटाने गेलं. एल आकारात हे गणित तंतोतंत बसत नाही, कारण एका बाजूला भिंतच नाही. पण कुठे शोधायचं ते त्यावरून कळतं.

समोरचे दोन स्पीकर उत्तरेपासून दोन फूट आणि नऊ फूट अशा जागी, चोवीस इंची स्टँडवर, मागच्या भिंतीपासून थोडे सुटे ठेवले. दोघांत सात फूट अंतर, आणि ऐकणाऱ्यापासून त्यांची रेष सव्वासात फुटांवर. कोन साधारण २६ अंश होतो. शिफारस २२ ते ३० अंशांची असते, त्यात आपण मधोमध आलो.

डावीकडची भिंत

उरला एलचा मूळ दोष: डावीकडे भिंत, उजवीकडे पोकळी. बहुतेक लोक इथे उजवीकडे काहीतरी उभं करायचा विचार करतात. पडदा, पार्टिशन, कपाट. दादानेही जाळीचं पार्टिशन सुचवलं होतं. त्यातून हवा येते, आवाजही तितकाच जातो. डायनिंगचं तोंड बंद करणं या घरात शक्य नव्हतं.

मी उलटा हिशेब केला. उजवीकडे भिंत उभी करता येत नसेल, तर डावीकडची भिंत नाहीशी करायची.

डाव्या स्पीकरचा आवाज सरळ आठ फूट चालून कानात येतो. त्याचीच एक प्रत उत्तरेच्या भिंतीवर आपटून साडेदहा फुटांच्या वाटेने येते. आवाज मिलिसेकंदाला फुटाहून थोडा जास्त चालतो, म्हणजे ही प्रत दोन मिलिसेकंद मागाहून पोचते. एवढ्या कमी वेळात कान दोन आवाज वेगळे करत नाही, एकच धरतो, आणि आवाजाचं चित्र डावीकडे फुगतं. उजव्या स्पीकरला अशी प्रतच नाही. म्हणून डावा जाडजूड आणि उजवा सडपातळ, वायर बरोबर असूनही.

आपटायची जागा शोधायला आरसा पुरतो. दादा सोफ्यावर बसला, मी वहिनींचा हातातला आरसा उत्तरेच्या भिंतीवर चिकटवून सरकवत गेलो. आरशात त्याला डावा स्पीकर दिसला तिथे पेन्सिलची खूण केली. टीव्हीच्या भिंतीपासून साडेतीन फुटांना थोडी कमी. आकडेमोडही तेच सांगत होती, पण आरशाने मावशीला पटलं.

तिथे चार फूट बाय दोन फुटांची चौकट बसवली. आत दर घनमीटरला ४८ किलो घनतेची दोन इंची रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर), मागे भिंतीपासून दोन इंच मोकळी जागा. रॉकवूल हाताळताना हातमोजे आणि मास्क हवाच, नाहीतर रात्रभर अंग खाजतं. आधी तिला नॉन-वोव्हन कापडात गुंडाळली, म्हणजे तंतू बाहेर येत नाहीत. वरच्या कापडासाठी एक सोपी कसोटी: तोंडाला लावून फुंकर मारायची. हवा पलीकडे गेली तर आवाजही जातो. रेक्झिन नापास, भरजरी पडदा नापास. मावशीने तिची जुनी सुती नऊवारी काढून दिली. धुऊन धुऊन मऊ झालेली, फुंकर सहज पार. गडद हिरवा रंग, तांबूस काठ चौकटीच्या खालच्या कडेला आला. आता येणारे-जाणारे तिला भिंतीवरची शोभा समजतात.

पॅनेल लागल्यावर गाणं मधोमध आलं. टाळीची 'टर्रर्र' निम्म्याच्या खाली आली. बाकीची कामगिरी सोफ्यापुढच्या जाड गालिच्याने आणि काचेवरच्या चुण्यांच्या पडद्याने केली. पडदा वरच्या आवाजालाच शोषतो, बेसला नाही, हे दादाला तीनदा सांगावं लागलं. त्याला पडद्याने खालच्यांची तक्रार मिटवायची होती.

सेंटर, सराउंड आणि रांगणं

सेंटरवर फार वेळ गेला नाही, पण मावशीच्या तक्रारीचं मूळ तिथेच होतं. ५.१ मध्ये बोलणं बहुतेक सेंटरमधून येतं, आणि हा सेंटर जमिनीपासून सव्वा फुटावर, खणाच्या आत, सोफ्याकडे नव्हे तर गुडघ्यांकडे तोंड करून बसला होता. खणाच्या कडेच्याही जरा पुढे काढला, पुढच्या पायांखाली दाराचे रबरी स्टॉपर कापून लावले. कानाची उंची सव्वातीन फूट धरून चौदा अंश वर कलवला. खणाची उरलेली पोकळी जुन्या गोधडीच्या घड्यांनी भरली, म्हणजे खण ढोलकीसारखा वाजत नाही. मात्र त्याच युनिटमधला रिसीव्हर वेगळ्या, मोकळ्या खणात ठेवला. त्याला हवा लागते, त्याच्याभोवती गोधडी चालत नाही.

छाटलेला कोपरा एवढा वेळ शत्रू होता. डाव्या सराउंडसाठी तोच कामाला आला. तिरप्या भिंतीच्या मधोमध ब्रॅकेट मारला तर सोफ्याच्या मधल्या जागेपासून तो समोरच्या दिशेशी शंभर अंशांवर, किंचित मागे येतो. सराउंड ९० ते ११० अंशांत हवेत. उजव्यासाठी बाल्कनीच्या चौकटीपलीकडे पश्चिमेच्या भिंतीवर जागा होती, बरोबर १०९ अंशांवर. हे दारावर स्पीकर ठोकणाऱ्या माणसाला दिसलं नव्हतं, कारण तो बाजूची भिंत शोधत होता आणि इथे उत्तर मागच्या भिंतीवर होतं. अंतरं अर्थात सारखी नाहीत. डावा चार फुटांवर, उजवा सातच्या जवळ. त्यामुळे डावा साडेचार डेसिबल मोठा ऐकू येतो आणि अडीच मिलिसेकंद आधी पोचतो. हे दोन्ही रिसीव्हर निस्तरतो. त्याला निस्तरता येत नाही तो कोन. म्हणून आधी कोन सांभाळायचा, अंतराचं नंतर बघायचं.

सबवूफरसाठी जुनी युक्ती. सब उचलून सोफ्यावर, ऐकणाऱ्याच्या जागेवर ठेवला, बेसचा सलग सूर लावला आणि दादाला जमिनीवर रांगायला लावलं, कान सबच्या उंचीला. जिथे सूर सर्वांत सारखा, न फुगता ऐकू येतो, ती सबची जागा. मावशी देवघरातून बाहेर आली तेव्हा तिचा पन्नाशीचा मुलगा डायनिंग टेबलाखालून येत होता. "काय हरवलं रे?" तिने विचारलं. सूर काय आहे ते सांगितल्यावर म्हणाली, "इथे डोंगराखाली फाळक्यांचं स्मारक आहे ना, त्यांच्या काळी बरं होतं. पिक्चरला आवाजच नव्हता."

जुन्या कोपऱ्यात ५० च्या आसपासचा सूर भिंत हलवत होता, आणि चार फूट सरकलं की गायब. सर्वांत सपाट जागा निघाली उजव्या सराउंडच्या खाली, पश्चिमेच्या भिंतीशी. सब ऐकणाऱ्याच्या मागे उजवीकडे गेला. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे सूर सबकडे जातात ती हद्द, ८० हर्ट्‌झला ठेवला तर तो कुठे आहे ते कानाला सांगता येत नाही. तिथे लावल्याबरोबर मात्र 'हूंऽऽ' सुरू झालं. सब वेगळ्या सॉकेटवर, रिसीव्हर वेगळ्या, आणि सेट टॉप बॉक्सची केबल तिसरीकडून येणारी. अशा वेळी अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला हमखास मिळतो. तो कधीच ऐकू नये, त्यात जीव जाऊ शकतो. दोन्ही यंत्रं एकाच बोर्डावरून चालवली, गुणगुण थांबली. पायाखाली जाड रबर ठेवलं. रबराने स्लॅबला जाणारी थरथर कमी होते, हवेतून जाणारा बेस नाही. खालच्यांसाठी खरा उपाय रिसीव्हरमधला नाइट मोड. मोठे आवाज दाबले जातात, बोलणं वर येतं. रात्री दहानंतर तो लावायचा असं ठरलं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रहिवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. हा आकडा मी दादाला फक्त धाक म्हणून सांगितला.

माइक आणि कुकर

शेवटी रिसीव्हरचं ऑटो सेटिंग. माइक सोफ्याच्या गादीवर ठेवायचा नाही, हातात धरायचा नाही. कॅमेऱ्याचा स्टँड घ्यायचा, उंची कानाइतकी. पंखे बंद, फ्रिज बंद. पहिल्या खेपेला चौथ्या जागेचं मोजमाप चालू असताना कुकरची शिट्टी झाली आणि रिसीव्हरने मागचा डावा स्पीकर एकोणीस फुटांवर असल्याचं जाहीर केलं. गॅस बंद करून पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्या खेपेचे आकडे टेपने ताडून पाहिले. पाचही स्पीकर अर्ध्या फुटाच्या आत बरोबर. सब प्रत्यक्षात सव्वासात फुटांवर, रिसीव्हर म्हणे साडेदहा. दादा ते लगेच दुरुस्त करायला निघाला होता. ते तसंच ठेवायचं. सबच्या आतली इलेक्ट्रॉनिक्स आवाजाला थोडा उशीर करते, आणि रिसीव्हर तो उशीर फुटांत मोजतो. हाताने बदललं ते एकच. रिसीव्हरने समोरच्या छोट्या स्पीकरना 'लार्ज' ठरवून टाकलं होतं, त्यांना 'स्मॉल' करून ८० वर आणलं. लार्ज म्हटलं की कुणालाही बरं वाटतं, पण पाच इंची कोनाकडून सबचं काम करून घेण्यात त्याचेच हाल होतात.

काय राहिलं

सोफ्याच्या मधल्या आणि उजव्या जागेवर आता तक्रार नाही. डाव्या टोकाला बसणाऱ्याला डावा सराउंड अजून जवळ पडतो. तो साडेसहा फूट उंच नेऊन आणि तोंड मधल्या जागेकडे वळवून थोडा सुसह्य केला, पुरता नाही. ५० च्या आसपासचा फुगवटा कमी झाला, गेलेला नाही. तो घालवायला दुसरा सब लागेल, आणि दादाच्या घरात तो विषय काढायची ही वेळ नव्हे.

एक गोष्ट मी धरलीच नव्हती. मावशी बातम्या सोफ्यावर बसून क्वचितच ऐकते. सात वाजता ती डायनिंगच्या खुर्चीवर मेथी निवडत असते, टीव्हीच्या भिंतीपलीकडे. खालचे सूर भिंतीला वळसा घालून तिथे पोचतात. शब्द ज्यावरून ओळखू येतात ते वरचे सूर सरळ जातात, वळत नाहीत. हॉलमध्ये निवेदिका सुस्पष्ट झाली, आणि डायनिंगमध्ये अजून पाट्यावर वाटण वाटल्यासारखा गुरगुराटच. मी दोन रविवार ज्या कानांसाठी घालवले, ते कान तिथे होते.

रिसीव्हरला दुसऱ्या झोनचे, म्हणजे दुसऱ्या खोलीतल्या स्पीकरसाठीचे, टर्मिनल मोकळे आहेत. पुढच्या रविवारी डायनिंगच्या कपाटावर दारावरून काढलेल्या ब्रॅकेटवर एक छोटा स्पीकर बसवायचा आहे. वायर दीड चौरस मिलिमीटरची, आणि लाल-काळं आधी बघून.